पडद्यापुढचं बोलणं

मलेशियाहून कुणी आलं की आमच्याकडे बाम आणि चॉकलेटं येतात. आमच्या मेंटेनन्सच्या दादांना कंपनीनं तिकडच्या प्लांटला काही महिने पाठवलं होतं, तर माणसानं येताना काय आणावं? नाटक! कँटीनमध्ये आम्ही सगळे आशेनं बसलेलो, आणि दादा ताट पुढ्यात घेऊन इंग्रजांच्या काळात तिकडे लोक नाटकं कशी बघायचे तेच सांगायला लागले. मी म्हटलं, "दादा, नाटक राहू द्या बाजूला, बाम आणला का ते सांगा. माझा खांदा गेलाय." तर म्हणाले, "बाम विसरलो, ताई." असा हा माणूस.

दादा आमच्यात वयानं सगळ्यांत मोठे. काळेवाडीत राहतात, त्यांचे वडीलही पिंपरीत कामगारच होते. कंपनीच्या वर्धापनदिनाचं नाटक दरवर्षी तेच बसवतात. कंपनी चाकणची, पत्र्याचे पार्ट बनवते, आणि मी तिथे फायनल इन्स्पेक्शनला. रहाटणीहून बसनं येते, दिवसभर पत्र्याचे काठ तपासते आणि शिफ्ट सुटली की परत जाते. नाटकात काम करायला तयार होणारी कंपनीतली मी एकटीच बाई. त्यामुळे आजवर मी कुणाची आई झाले, कुणाची बायको झाले, एकदा तर भारतमाता झाले आणि साडी सुटायला आली म्हणून हात वर न करताच आशीर्वाद दिला. लोक अजून हसतात. हसू देत.

तर दादांचं ते नाटक. तिकडे ते एका म्हाताऱ्या तमिळ माणसाच्या खानावळीत जेवायला जायचे. त्या म्हाताऱ्याचा आजा इंग्रजांच्या वेळी रबराच्या मळ्यावर कुली म्हणून गेलेला. मळ्यावर नाटकमंडळ्या यायच्या, त्यांच्या गोष्टी त्यानं नातवाला सांगितलेल्या. त्या नाटकाला तिकडे म्हणायचे बांगसावान. आणि त्याचं मूळ कुठलं, तर आपल्या मुंबईचं! पारशी नाटक कंपन्या बोटीत बसून तिकडे जायच्या. ते रंगवलेले पडदे, ते राजे आणि पऱ्या, ती पेटीवरची गाणी बघून तिथल्या मलायी लोकांनी स्वतःच्या मंडळ्या काढल्या आणि त्या गावोगाव फिरायला लागल्या. शहरात खेळ, खाणीवर खेळ, मळ्यावर खेळ. पुढे खुर्च्यांवर गोरे साहेब आणि त्यांच्या मडमा, मागे जमिनीवर कुली.

या नाटकाची एक तऱ्हा होती. ते लिहिलेलं नसायचं. मालक दुपारी सगळ्यांना बसवून गोष्ट सांगायचा, कुठल्या प्रसंगामागून कुठला तेवढं पक्कं करायचा, आणि बोलायचं ते ज्याचं त्यानं. दोन प्रसंगांच्या मधे आतला पडदा बदलायला वेळ लागायचा, तेवढ्यात सोंगाड्या पुढे यायचा. त्याच्या बोलण्यावर तर मालकाचाही ताबा नसायचा. मुकादम कसा मारतो, तांदळात खडे किती, सगळं तो साहेबाच्या तोंडासमोर बोलायचा. साहेबाला भाषा कळायची नाही. तो आपला मान डोलवायचा, टाळ्या वाजवायचा, आणि मागे कुली पोट धरधरून हसायचे.

"हेच करायचं यंदा," दादा म्हणाले. "मळ्यावर नाटकमंडळी आलीय, तिचा खेळ. मळ्याचा साहेब स्टेजवर नाहीच. समोर सोफ्यावर बसलेले असतात ना आपले, तेच मळ्याचे साहेब." आणि खाली मान घालून वरण ओरपायला लागले. मी म्हटलं, दादा, दिसता गरीब पण आहात बेरकी.

मी राजकन्या, पेंटशॉपचा एक जण राजपुत्र. प्रश्न सोंगाड्याचा होता. नाटक लिहिलेलं नाही म्हटल्यावर आमच्या भल्या भल्या नटांची दातखिळी बसली. पाठ केलेलं बोलायची सवय! मग दादांनी प्रेसवरच्या, म्हणजे पत्रा दाबून पार्ट काढणाऱ्या मशीनवरच्या, एका ऑपरेटरला आणलं. तो लातूरकडचा, ठेकेदाराचा माणूस, खराबवाडीत खोली घेऊन बायको आणि लहान मुलीबरोबर राहणारा. त्याचा बाप गावाकडे भारुडात सोंगं घ्यायचा, ते त्याच्या अंगातच होतं. कंत्राटी माणसाला वर्धापनदिनाच्या नाटकात घेत नाहीत, पण दादा ऑफिसात जाऊन बसले आणि परवानगी घेऊनच उठले. वर ऑफिसातल्या माणसानं त्याला सांगितलं, "काम चांगलं कर, दिवाळीनंतर परमनंटचं बघू." एवढ्यावर तो पोरीला गाडी घेतल्यासारखा खूश.

आमच्या पट्ट्यात सुट्टी गुरुवारी. मग दर गुरुवारी काळेवाडीच्या विहारातल्या हॉलमध्ये तालीम. काय सांगू, त्या माणसानं आम्हाला हसवून हसवून मारलं! सतरंजीवर उभा राहिला की कँटीनचा आचारीच. "या वरणात डाळ सापडली त्याला परमनंट! बुडी मारा, बुडी मारा, लाजू नका!" कधी सिक्युरिटीवाला, कधी ठेकेदार. एकदा माझंच सोंग घेतलं. चष्मा नाकावर ओढून, पत्रा उजेडाला धरून, "ह्याला ओरखडा आहे, परत न्या! त्याला पोक आहे, परत न्या! नवरा आहे का? परत न्या!" मी चप्पल घेऊन मागे धावले. खरं सांगते, माझे ते गुरुवार फार चांगले गेले.

मग दसऱ्याच्या आधी त्याचा हात गेला.

आता हे जरा नीट सांगायला हवं, कारण सगळं त्यावरच आहे. प्रेसला दोन बटणं असतात, एक डाव्या हाताला, एक उजव्या. दोन्ही एकदम दाबली तरच प्रेस खाली येते. म्हणजे प्रेस खाली येताना माणसाचे दोन्ही हात बटणावर, आत नाहीत. साधी अक्कल आहे. पण असं केलं की वेळ जातो. म्हणून काय करतात, एका बटणावर टेप गुंडाळून ते कायमचं दाबून ठेवतात. मग एकाच हातानं बटण दाबायचं आणि दुसऱ्या हातानं पार्ट काढायचा, नवा ठेवायचा. माल भराभर पडतो. एकाच कंपनीत नाही, कितीतरी ठिकाणी चालतं हे, आणि सगळ्यांना ठाऊक असतं. सुपरवायझर स्वतः टेपची रीळ खिशात घेऊन फिरतो. ऑडिटवाले येणार म्हटलं की टेप निघते, ते गेले की पुन्हा लागते.

त्या दिवशी बटण बांधलेलं होतं. उजव्या हाताची चारी बोटं गेली. अंगठा तेवढा राहिला. मी इन्स्पेक्शनच्या टेबलावर होते, मला प्रेस थांबल्याचं कळलं आणि मग ओरडणं ऐकू आलं. गेले तर त्याला खाली बसवलेला आणि तो सारखा म्हणत होता, "पार्ट खराब झाला का वो? पार्ट खराब झाला का?" गाडीत घालून त्याला नेला आणि मी मागे वळून बघितलं, तर बटणावर टेप नव्हती. इतक्यात! माणसाचं रक्त पुसायच्या आधी यांनी टेप काढली.

दसऱ्याला त्याच प्रेसला झेंडूची माळ घातली, नारळ फोडला, पेढे वाटले. मी पेढा घेतला नाही.

चौकशी झाली. तो बँडेज बांधलेला हात गळ्यात अडकवून आला. त्याला विचारलं, प्रेस चालू असताना हात आत का घातला? तो म्हणाला, बटण बांधलेलं होतं, सुपरवायझर साहेबांनीच बांधलं होतं. सुपरवायझर म्हणाला, मी असलं कधी केलं नाही. ऑपरेटरच्या दोन्ही बाजूच्या प्रेसवर त्या वेळी दोघं होते. दोघांनीही सांगितलं, आमचं लक्ष नव्हतं. कंत्राटीच होते बिचारे. बिचारे म्हणते, पण तोंडावर थुंकावंसं वाटलं मला तेव्हा. मी म्हटलं मी सांगते, टेप मी रोज बघते. तर मला म्हणाले, "मॅडम, तुम्ही त्या क्षणी तिथे होतात का?" नव्हते. झालं, विषय मिटला. ऑपरेटरचा निष्काळजीपणा.

दवाखान्याचं काय, नियमाप्रमाणे जे व्हायचं ते झालं. परमनंटचं नाव निघेना. पण त्याला टोचत होतं ते वेगळंच. त्याच्या सासुरवाडीला बातमी गेली ती अशी, की जावई पिऊन मशीनवर होता. हा माणूस चहासुद्धा अर्धाच पिणारा! सासरा बायकोला आणि पोरीला न्यायला येतो म्हणायला लागला. "थोट्या आन् बेवड्याच्या घरी लेक ठेवत न्हाई म्हणतोय," असं त्यानं मला सांगितलं. कंपनीच्या गेटबाहेर टपरीवर उभे होतो आम्ही. "ताई, मला पैसं नगंत. म्होट्या साहेबानं येकदा म्हणावं, चूक तुझी नव्हती. कुणाच्या बी म्होरं म्हणावं. मी सासऱ्याला फोन लावून आयकवतो."

मोठ्या साहेबांना भेटायला तो कितीदा आला, देव जाणे. गेटवरून आत सोडत नव्हते, कारण पास रद्द. फोन केला तर साहेब मीटिंगमध्ये. दादांनी रदबदली केली, मी केली. "केस क्लोज झालीय," एवढंच उत्तर.

आणि मग एका गुरुवारी तो तालमीला आला. त्याच्या जागी दादा स्वतःच सोंगाड्या करायचा प्रयत्न करत होते आणि तो असा काही होत होता की रडू यावं. तो म्हणाला, "दादा, माझं काम मीच करणार. चिंचवडच्या हॉलावर पाहुण्यांना पास लागत न्हाई नव्हं? नाटकवाल्याला बी लागत न्हाई." दादा म्हणाले, "अरे, पण हाताचं?" तर म्हणाला, "हातासाठीच करायचंय. साहेब बसणार म्होरं सोफ्यावर. मी बोलणार पडद्याम्होरं. उठून जाईल का सगळ्यांदेखत? न्हाई जाणार."

मग माझ्याकडे वळला. "ताई, तुमी राजकन्या. तुमी फकस्त इचारायचं, का रे, तुझा हात कुठं गेला? बाकी मी बघतो."

दादांच्या रिटायरमेंटला थोडेच दिवस राहिले होते. तरी म्हणाले, "पडद्यापुढे सोंगाड्या काय बोलतो त्यावर मालकाचा ताबा नाही. रीतच आहे ती." मला घरी नवरा म्हणाला, नोकरीवर पाणी सोडायचंय का? मी म्हटलं, एक प्रश्न विचारायचाय, कुणाचा खून नाही करायचा. रागानं म्हटलं, पण भीती मलाही वाटत होती, खोटं कशाला बोलू.

वर्धापनदिन डिसेंबरात, चिंचवडला भाड्याच्या हॉलमध्ये. पुढे सोफे, त्यावर मोठे साहेब, त्यांच्या मिसेस, माल घेणाऱ्या कंपन्यांचे पाहुणे. मागे आम्हा लोकांच्या प्लास्टिकच्या खुर्च्या. खेळ सुरू झाला. दादांनी पडदे कसले झकास रंगवले होते, राजवाडा, जंगल, समुद्र! मी पहिलं गाणं म्हटलं, राजपुत्र अडखळला, लोक हसले. सगळं ठीक चाललं होतं. मग आतला पडदा बदलायला घेतला आणि तो पुढे आला. ढगळ लाल झगा, तोंडाला पांढरा रंग, उजवी बाही लांब लोंबणारी. त्यानं सोफ्याकडे बघून लवून मुजरा केला, "मळ्याचं साहेब, रामराम!" मोठे साहेब खूश होऊन हसले. वरणातली डाळ झाली, सिक्युरिटीवाला झाला. हॉल नुसता उसळत होता.

मी पुढे झाले. म्हटलं, "का रे सोंगाड्या, तुझा हात कुठं गेला?"

"हात व्हय? सांगतो की राजकन्ये." आणि त्यानं सांगितलं. सोंगाड्याच्याच आवाजात, सावकाश. मळ्यावर एक यंत्र आहे. त्याला दोन बटणं. दोन्ही हातांनी दाबावी लागतात. पण साहेबाला रबर लवकर पाहिजे, म्हणून मुकादमानं एका बटणाला टेप बांधली. मग हात यंत्रात गेला. मग मुकादमानं टेप सोडली. मग साहेबाच्या माणसांनी विचारलं, हात आत का घातला? "मी म्हणलं, टेप व्हती. ते म्हणले, कुठाय? आता साहेब, तुमी म्होरं बसलाव, तुमीच सांगा. चूक कुणाची?"

आणि त्यानं बाही वर केली.

मागच्या खुर्च्यांवरचं हसणं बंद झालं. सगळ्यांना माहीत होतं ना! त्याच्या बाजूच्या प्रेसवरचा एक जण मला दिसत होता, त्यानं तोंडावर हात ठेवला होता. सोंगाड्या वाट बघत उभा होता, हात तसाच वर धरून. मी साहेबांकडे बघितलं. क्षणभर, अगदी क्षणभर त्यांचा चेहरा दगडासारखा झाला. तेवढं मी माझ्या डोळ्यांनी बघितलं, ते कुणी माझ्याकडून काढून घेऊ शकत नाही. मग साहेबांनी मान मागे टाकली आणि मोठ्यांदा हसले. "वा! वा!" म्हणून टाळ्या वाजवायला लागले. मग मिसेस वाजवायला लागल्या. मग पाहुणे. राजा बोले, दळ हाले. सुपरवायझरांची रांग वाजवायला लागली, आणि मग मागून, आमच्या खुर्च्यांवरून, आमचीच माणसं. आधी एकदोघं, मग सगळेच. तोंडावर हात ठेवलेल्या त्या माणसानं हात खाली घेतला आणि तोही टाळ्या वाजवायला लागला.

त्या मळ्यावरच्या गोऱ्या साहेबाला भाषा कळत नव्हती. आमचे साहेब तर सातारकडचे, भाषणात अभंग म्हणणारे. आणि त्या कुलींनी निदान हसायचं कशाला ते स्वतः ठरवलं होतं.

पुढचं नाटक मी कसं केलं मला आठवत नाही. बक्षीस समारंभ झाला. उत्कृष्ट अभिनय, सोंगाड्या! मोठे साहेब स्वतः स्टेजवर आले. त्यांनी हस्तांदोलनाला हात पुढे केला, मग लगेच मागे घेऊन त्याच्या खांद्यावर ठेवला आणि माईकमध्ये म्हणाले, "काय कलाकार आहेत आपल्याकडे! आणि हाताचा मेकअप तर इतका खरा, की माझ्या मिसेसना भीतीच वाटली!"

हॉलमध्ये हशा. तो माईकजवळ वाकून म्हणाला, "खराच हाय, साहेब."

"बघा, बघा!" साहेब लोकांकडे वळले. "अजून भूमिकेतून बाहेर आलेला नाही!" पुन्हा टाळ्या. मी ओरडले, "साहेब, खरंच खरा आहे!" मी ओरडले होते हे दादांनी ऐकलं, राजपुत्रानं ऐकलं. पण तोवर पुढच्या बक्षिसाचं म्युझिक लागलं होतं. लोक म्हणतात साहेबांना खरंच कळलं नसेल, एवढ्या मोठ्या माणसाला प्रेसवरचा कोण कंत्राटी ते काय माहीत. मी म्हणते, मग हस्तांदोलनाचा हात मागे का घेतला? मेकअपच्या हाताशी हस्तांदोलन करता येत नाही होय?

रंगपटात तो खुर्चीवर बसला होता. ट्रॉफी खाली ठेवली होती. एका हातानं तोंडाचा रंग निघेना, म्हणून मी खोबरेल तेल आणि कापूस घेतला आणि त्याचं तोंड पुसायला लागले. दादा दाराशी पाठ करून उभे होते, त्यांचे खांदे हलत होते. कपाळ झालं, गाल झाले. रंगाखाली त्याचं तोंड एवढंसं झालं होतं. सासऱ्याला फोन लावायचा राहिला तो राहिलाच, हे आम्हा दोघांनाही कळत होतं.

तोंड झाल्यावर त्यानं उजवा हात माझ्यापुढे केला.

"साहेब म्हणले न्हाई का, मेकअप हाय म्हणून. ह्यो बी उतरवा, ताई."

"गप बस रे मेल्या," मी म्हटलं. त्यानं हात मागे घेतला नाही. सोंगाड्याच्या आवाजात बोलला होता, म्हणून मी हसायची वाट बघत होते, पण तो हसला नाही, तसाच हात धरून बसला. मग मी काय करणार? कापसावर तेल घेतलं आणि पुसायला लागले. नवी कातडी होती, पातळ. त्याला दुखत होतं. मी थांबले की तो म्हणायचा, "अजून हाय, ताई. पुसा."